शेजार बदलला की पसंती बदलते : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जवळच्या नात्यातील प्राणी-प्रजाती एकत्र राहू लागल्यावर जोडीदाराची निवड कशी घडत जाते, या विषयावर आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. काही प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देण्याजोगी होती, तर काहींना विस्ताराने उत्तर देणे आवश्यक वाटले.

प्रश्न : एकाच पाणवठ्यावर, एकाच रात्री, दोन जवळच्या प्रजातींचे बेडूक ओरडत असतात आणि दिसायलाही ते सारखेच असतात. मादी आपल्या प्रजातीचा नर नेमका कसा ओळखते? आणि ही पसंती मुळात आली कोठून?

उत्तर : पहिली गोष्ट अशी की, मादी ‘प्रजाती’ ओळखत नाही. तिच्या मनात आपल्या कुळाची काही कल्पना असते असे मानण्याचे कारण नाही. एका विशिष्ट आवाजाकडे ती ओढली जाते आणि दुसऱ्याकडे जात नाही, एवढेच घडते. उत्तर अमेरिकेतील करड्या वृक्षबेडकांच्या दोन प्रजाती याचे उत्तम उदाहरण आहेत. नुसत्या डोळ्यांनी त्या वेगळ्या सांगता येत नाहीत. मात्र एकीच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, तर दुसरीच्या पेशींत चार. दोघींचे नर कंप पावणारी हाक देतात. ही हाक म्हणजे सूक्ष्म ठोक्यांची माळच असते, आणि एका प्रजातीत हे ठोके जलद पडतात, तर दुसरीत सावकाश. मादी या ठोक्यांच्या गतीवरून निवड करते. बेडूक थंड रक्ताचा असल्यामुळे गारठ्याच्या रात्री नराचे ठोके मंदावतात. पण त्याच गारठ्यात मादीला आवडणारी गतीही तेवढीच खाली येते. म्हणजे ऐकणारा कान आणि गाणारा गळा एकाच तापमानाला जुळवून घेतात. ही जुळणी बिघडून चुकीची जोडी जमली, तर गुणसूत्रांचे तीन संच असलेली संतती जन्मते आणि ती वंध्य असते.

आता पसंती आली कोठून, याविषयी. एका पूर्वज प्रजातीचे दोन गट डोंगर, हिमनदी किंवा समुद्र आड आल्यामुळे हजारो वर्षे दूर राहतात. या काळात दोघांच्या जनुकांत वेगवेगळे बदल साठत जातात. त्यांच्या गाण्यांत व रंगांतही थोडाफार फरक पडतो. पण तो योगायोगाने किंवा त्या त्या ठिकाणच्या परिस्थितीमुळे पडलेला असतो. पुढे अडथळा दूर होऊन दोन्ही गट समोरासमोर येतात आणि काही माद्या परक्या नरांशी जुळतात. दीर्घ काळ वेगळ्या वाढलेल्या जनुकांचा मेळ बसत नसल्यामुळे त्यांची संकरित पिल्ले मरतात, दुबळी निघतात किंवा मोठी होऊनही वंध्य राहतात. जी मादी निवडीत ढिलाई करते, तिचा वंश तेथेच खुंटतो. जी नेमकेपणाने निवडते, तिची पिल्ले जगतात आणि तिच्या लेकींकडे तोच चोखंदळपणा जातो. पिढ्यान्‌पिढ्या हे चालू राहिले म्हणजे मुळातला पुसट फरक ठळक होतो. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी एकोणिसाव्या शतकातच या दिशेने विचार मांडला होता. 1937 मध्ये थिओडोसियस डॉबझान्स्की यांनी त्याला आधुनिक जनुकशास्त्राचा पाया दिला. या प्रक्रियेला आपण दृढीकरण म्हणू.

येथे एक गैरसमज आवर्जून दूर करावासा वाटतो, कारण तो पाठ्यपुस्तकांतूनही डोकावतो. ‘प्रजातीची शुद्धता टिकावी म्हणून’ ही पसंती निर्माण झाली, असे म्हणणे चूक आहे. नैसर्गिक निवड प्रजातीचे हित पाहत नाही. एका मादीची अंडी वाया गेली आणि दुसरीची गेली नाहीत, इतकाच हा हिशेब आहे. म्हणूनच सहसा मादी अधिक चोखंदळ असते. एका हंगामातील तिची सारी अंडी एका चुकीत जाऊ शकतात, तर नराचे तेवढे नुकसान होत नाही. एकत्र राहणाऱ्या दोन प्रजातींपैकी जी संख्येने कमी असते तिच्यावर चोखंदळ होण्याचा हा दाब अधिक येतो, कारण तिच्या मादीची परक्या नराशी गाठ पडण्याची शक्यता जास्त असते. संकर मुळीच जन्मत नसला तरीही दाब असतोच. परक्या नरापासून सुटका करून घेण्यात गेलेली रात्र किंवा गोंगाटात हरवलेली आपल्या नराची हाक हेदेखील मादीचे नुकसानच असते.

प्रश्न : मादी सर्वांत सशक्त नर निवडते, असे आम्ही शिकलो. मग आपल्या प्रजातीचा नर निवडणे आणि उत्तम नर निवडणे या दोन्ही गोष्टी एकाच पसंतीने कशा साधतात?

उत्तर : पुष्कळदा त्या साधत नाहीत, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तेथेच आहे. आपण निवडीविषयी बोलताना प्रजातीची ओळख ही एक पायरी आणि उत्तम नराची पारख ही तिच्यानंतरची दुसरी पायरी, असे धरून चालतो. प्रत्यक्षात दोन्ही कामे बहुधा एकाच खुणेवरून करावी लागतात आणि शेजारी कोण आहे यावर त्या खुणेचा अर्थ ठरतो.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील कोरड्या प्रदेशात स्पेडफूट बेडकांच्या दोन जवळच्या प्रजाती आढळतात : एक मैदानी आणि एक मेक्सिकन. वर्षाचा बराच काळ हे बेडूक जमिनीखाली असतात. मागच्या पायावरील फावड्यासारख्या कठीण कडेने ते माती उकरतात. त्यावरूनच त्यांना हे नाव पडले आहे. उन्हाळ्यातील मोठा पाऊस झाला की ते वर येतात, साचलेल्या पाण्यात रात्रभर नरांचा कल्लोळ चालतो आणि बहुतेक जोड्या त्या एक-दोन रात्रींतच जमतात. डबके आटण्यापूर्वी अंड्यातून निघालेल्या भैकेरांचे बेडूक झाले पाहिजेत, नाहीतर सारे संपते. दोन्ही प्रजातींचा संकर होऊ शकतो. पण संकरित नर वंध्य असतात आणि संकरित माद्या कमी अंडी घालतात.

कॅरिन फेनिग या संशोधिकेने मेक्सिकन स्पेडफूटच्या माद्यांना ध्वनिवर्धकांतून वेगवेगळ्या हाका ऐकवल्या. मादी पाण्यातून पोहत ज्या ध्वनिवर्धकापाशी जाऊन त्याला स्पर्श करील, ती तिची निवड, असा साधा निकष होता. जेथे मैदानी प्रजाती नाही, तेथील माद्यांनी जलद हाक देणारा नर पसंत केला. या पसंतीला अर्थ होता, कारण जलद हाक देणारे नर धडधाकट असतात आणि त्यांच्याशी जुळलेल्या मादीची अधिक अंडी फलित होतात. मात्र जेथे दोन्ही प्रजाती एकत्र राहतात, तेथील माद्यांनी जलद हाकेला पसंती दिली नाही. त्यांनी सरासरी, मध्यम गतीची हाक निवडली.

मैदानी प्रजातीच्या नराची हाक मुळातच जलद असते. जेथे ती नाही तेथे ‘जलद’ म्हणजे ‘सशक्त’, आणि जेथे ती आहे तेथे ‘जलद’ म्हणजे कदाचित ‘परका’. खूण तीच राहिली, पण शेजार आल्यामुळे तिचा अर्थ फिरला. एकत्र राहणारी मादी मध्यम हाकेकडे जाते तेव्हा ती परक्याशी जुळण्याचा धोका टाळते, पण त्यासाठी आपल्याच प्रजातीतील उत्तम नर तिला सोडावा लागतो आणि काही अंडी फलित न होण्याची किंमत मोजावी लागते. पसंतीत झालेल्या बदलाची अशी किंमत मोजून दाखवणारी उदाहरणे फार थोडी आहेत, म्हणून या साध्या प्रयोगाचे मोल मला मोठे वाटते.

याच बेडकांची दुसरी बाजू 2007 मध्ये पुढे आली. मेक्सिकन प्रजातीचे भैकेर मैदानी प्रजातीच्या भैकेरांपेक्षा लवकर वाढतात आणि संकरित भैकेरही शुद्ध मैदानी भैकेरांपेक्षा लवकर वाढतात. डबके उथळ असेल आणि लवकर आटणार असेल, तर मैदानी मादीला संकरित पिल्ले फायद्याची ठरू शकतात : नातवंडे कमी होतील, पण निदान पिल्ले जिवंत बाहेर पडतील. प्रयोगात पाण्याची खोली बदलली तेव्हा मैदानी माद्यांची निवडही बदलली. खोल पाण्यात त्या आपल्या नराच्या हाकेकडे गेल्या. उथळ पाण्यात, विशेषतः शरीराने खंगलेल्या माद्या, मेक्सिकन नराच्या हाकेकडे वळल्या. मेक्सिकन माद्यांनी मात्र पाण्याच्या खोलीप्रमाणे निवड बदलली नाही, आणि तेही सुसंगतच आहे, कारण संकर करून त्यांच्या पिल्लांची वाढ काही अधिक वेगाने होणार नव्हती. संकर नेहमीच ‘चूक’ असतो, असे जे आपण सहज लिहून जातो, ते यानंतर तरी जपून लिहायला हवे.

प्रश्न : दोन एकत्र राहणाऱ्या प्रजाती एकमेकींहून ठळकपणे वेगळ्या दिसतात, एवढ्यावरून त्यांच्यात दृढीकरण झाले असे म्हणता येईल का?

उत्तर : नाही, आणि ही शंका अगदी रास्त आहे. ज्या जोड्यांत फरक पुरेसा नव्हता त्या एकमेकींत मिसळून गेल्या असतील किंवा त्यांतील एक नष्ट झाली असेल. ज्या आधीपासूनच वेगळ्या होत्या त्याच आज आपल्याला एकत्र दिसत असतील. मग फरक एकत्र राहण्याने वाढला नसून, फरक होता म्हणूनच एकत्र राहणे जमले, असा उलटा निष्कर्ष निघतो.

जेरी कॉइन आणि अॅलन ऑर यांनी 1989 मध्ये ड्रोसोफिला या फळमाशांच्या 119 प्रजाती-जोड्यांची माहिती एकत्र मांडली. जनुकीय अंतर सारखेच असलेल्या जोड्यांची तुलना केली, तेव्हा एकाच प्रदेशात राहणाऱ्या जोड्यांमध्ये परक्याशी मीलन नाकारण्याची प्रवृत्ती दूर राहणाऱ्या जोड्यांपेक्षा कितीतरी अधिक दिसली. संकर किती वंध्य किंवा दुबळा निघतो या बाबतीत मात्र तसा फरक नव्हता. केवळ आधीच वेगळ्या झालेल्या जोड्या टिकल्या असत्या, तर संकराच्या वंध्यत्वातही तोच फरक दिसायला हवा होता. तो दिसत नाही, म्हणून दृढीकरणाची बाजू जड होते.

एकाच प्रजातीतील गटांची तुलना करता आली, तर पुरावा आणखी नेमका होतो. युरोपातील चितकबरा माशीमार आणि गळपट्टा असलेला माशीमार या पक्ष्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एकेकटे राहत असतील तेथे दोघांचेही नर काळे-पांढरे असतात. मध्य युरोपात दोघे एकत्र येतात, तेथे चितकबऱ्या माशीमाराचे पुष्कळ नर काळे न होता तपकिरी, जवळजवळ मादीसारखे होतात. ग्लेन-पीटर सेत्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवले की, एकत्र क्षेत्रातील चितकबऱ्या माद्या हे तपकिरी नर पसंत करतात, तर एकट्या क्षेत्रातील माद्यांना काळे-पांढरे नरच आवडतात. एकच प्रजाती, पण शेजाऱ्यामुळे पसंती उलटी झाली. तरीही येथे एक धागा वेगळा ठेवावा लागतो. ढोलीसाठीच्या भांडणात गळपट्टा माशीमार वरचढ असतो आणि तपकिरी नराला तो कमी त्रास देतो. म्हणजे तपकिरी रंगाचा फायदा नराला दोन बाजूंनी मिळतो : मादीच्या निवडीत आणि शेजाऱ्याच्या मारापासून वाचण्यात. रंग केवळ मादीच्या निवडीमुळे बदलला असे म्हणणे अपुरे ठरेल. पण मादीची पसंती बदलली आहे, हे नक्की.

प्रश्न : ही पसंती उपजत असते की शिकलेली? आणि संकर होतच राहिला, तर पसंतीचे जनुक व रंगाचे जनुक एकमेकांत मिसळून सगळा बदल पुसून जाणार नाही का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण या सिद्धान्तावरचा सर्वांत गंभीर आक्षेप तोच आहे. ‘तपकिरी रंग आवडतो’ हे सांगणारे जनुक एका गुणसूत्रावर आणि ‘तपकिरी हो’ हे सांगणारे दुसऱ्या गुणसूत्रावर असेल, तर प्रत्येक संकरानंतर पत्ते पिसल्याप्रमाणे दोन्हींची फाटाफूट होते. अशा स्थितीत दृढीकरण फार अवघड होते, हे 1981 मध्ये जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनी गणिताने दाखवून दिले. माशीमारांत यावर एक सुंदर तोडगा आढळतो. पक्ष्यांत नराची दोन लिंगगुणसूत्रे सारखी, म्हणजे दोन्ही ‘झेड’ असतात आणि मादीची वेगवेगळी. मादीला तिचे एकमेव झेड गुणसूत्र पित्याकडूनच मिळते. नराच्या पिसाऱ्यातील फरकांची जनुके या झेड गुणसूत्रावर आहेत आणि 2007 मधील संशोधनानुसार मादीची पसंतीही त्याच गुणसूत्राशी जोडलेली आहे. संकरित माद्या आपल्या पित्याच्या प्रजातीचा नर निवडतात. दुसऱ्या प्रजातीच्या घरट्यात वाढवलेल्या माद्यांनीही पालक बदलल्यामुळे पसंती बदलली नाही. रंग आणि आवड एकाच गाठोड्यात पुढे जात असल्यामुळे ती सहजी विस्कटत नाहीत.

परंतु नराचे गाणे शिकलेले असते. एकत्र क्षेत्रातील काही चितकबरे नर शेजाऱ्याच्या गाण्याचे तुकडे उचलतात आणि त्यामुळे मिश्र जोड्या जमतात. तेव्हा एकाच पक्ष्यात पसंती उपजत, गाणे शिकलेले, आणि दोघांचा ओढा विरुद्ध दिशांना, असे चित्र दिसते.

शिकण्याचे बळ याहून स्पष्ट पाहायचे असेल तर गालापागोसमधील डाफ्ने मेजर बेटावरील फिंच पक्षी पाहावेत. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने दशकानुदशके तेथे एकेका पक्ष्याचा माग ठेवला. मुलगा बापाचे गाणे शिकतो, आणि मुलगीही बापाच्या गाण्यावरूनच पुढे जोडीदार ओळखते. लहानपणी शेजारच्या प्रजातीचे गाणे कानावर पडून पक्के झाले, तर तो पक्षी मोठेपणी परक्या प्रजातीत जोडी जमवतो. असे क्वचित घडते. 1983 च्या मोठ्या एल निन्योपूर्वी, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापून तेथे झालेल्या अतिवृष्टीपूर्वी, अशा संकरित पिल्लांचा निभाव लागत नसे, कारण त्यांच्या चोचीला साजेसे बी कमी असे. त्या अतिवृष्टीनंतर बेटावरील वनस्पती बदलल्या, बारीक बी मुबलक झाले आणि संकरित पक्षी चांगले जगू लागले. ज्या संकराविरुद्ध नैसर्गिक निवड चालते तो संकर किती वाईट, हेही त्या वर्षीच्या पावसावर ठरू शकते.

प्रश्न : अशी पसंती माणसामुळे मोडू शकते का? आणि उलट, तिच्यामुळे एकाच प्रजातीच्या दोन प्रजाती होऊ शकतात का?

उत्तर : दोन्ही घडलेले आहे. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात सिक्लिड माशांच्या शेकडो प्रजाती होत्या. त्यांतील अनेक जवळच्या जोड्यांत एका प्रजातीचे नर निळसर आणि दुसरीचे लाल असतात, आणि माद्या त्या रंगांवरून निवड करतात. ओले सीहाउझेन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवले की, सांडपाणी व शेतीतून वाहून आलेल्या द्रव्यांमुळे शेवाळ माजून जेथे पाणी गढूळ झाले, तेथे नरांचे रंग फिके पडले आणि प्रजातींची संख्या घटली. प्रयोगशाळेत रंगांतील भेद लपवणारा प्रकाश सोडला तेव्हा माद्यांना आपला व परका नर वेगळा करता आला नाही. मासे मेले नाहीत, त्यांची आवडही संपली नाही. पण ती वापरण्यापुरते दिसेनासे झाले, आणि हजारो वर्षांत उभे राहिलेले वेगळेपण थोड्या पिढ्यांत विरघळू लागले. प्रदूषणाची मोजदाद करताना मेलेले मासे मोजले जातात, हे नुकसान मात्र कोणत्याच आकड्यात येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उलट बाजूसाठी ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य क्वीन्सलँडमधील वर्षावनात जावे लागेल. तेथे हिरव्या डोळ्यांच्या वृक्षबेडकाच्या उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील अशा दोन शाखा दीर्घ काळ विलग राहून पुन्हा भेटल्या आहेत. दक्षिणेकडील मादी उत्तरेकडील नराशी जुळली तर तिचे भैकेर वाढ पूर्ण करू शकत नाहीत. उत्तरेकडील मादीचे संकरित भैकेर मात्र जगतात. अपेक्षेप्रमाणे दक्षिणेकडील माद्याच अधिक चोखंदळ झाल्या. या संपर्कपट्ट्यात दक्षिण शाखेचा एक छोटा गट आपल्या मुख्य शाखेपासून तुटून, उत्तरेच्या शाखेने वेढलेला राहिला होता. कॉनराड हॉस्किन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवले की, या गटातील नरांची हाक आणि माद्यांची पसंती उत्तरेकडील बेडकांपासून तर दूर गेली आहेच, पण त्या ओघात ती स्वतःच्या दक्षिणेकडील भाऊबंदांपासूनही दूर गेली आहे. परक्याला नाकारण्यासाठी घडलेल्या कानाला आता आप्तांची हाकही ओळखीची राहिली नव्हती. 2007 मध्ये या गटाला ‘लिटोरिया मायोला’ या नावाने स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदवण्यात आले.